वास येतो का?

आरोग्य शिबिराला निघताना माझ्या पिशवीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याच्या पट्ट्या, कापूस आणि मलमपट्टीचे सामान असते. त्याबरोबर चार लहान डब्याही असतात. एकीत लवंगा, दुसरीत कॉफीची पूड, तिसरीत संत्र्याची साल आणि चौथीत मोहाची सुकी फुले. शिबिराला येणाऱ्या तरुण मुली हसतात. "सिस्टर, मसाल्याचं दुकान घालताय का?" असे एकीने विचारलेही. या डब्या कशासाठी, ते सांगावे म्हणून हा लेख.

मी परिचारिका. तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात काम केले आणि निवृत्तीनंतर वर्षातून चार-पाच वेळा सातपुड्यातल्या पाड्यांवर शिबिरासाठी जाते. मी रुग्णही आहे. मला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा मज्जासंस्थेचा आजार आहे. डॉक्टर थोडक्यात 'एमएस' म्हणतात. पाय अडखळतात, लवकर थकवा येतो, उन्हात फिरले की डोळ्यांपुढे धुरकट होते. हे लोकांना सांगितले की समजते. पण या आजारात माझा वासही गेला, असे सांगितले की ऐकणारा थबकतो. वासाचा आणि मज्जासंस्थेचा काय संबंध? मला स्वतःला, बारा जोड्यांची यादी घोकून परीक्षा दिलेल्या परिचारिकेला, तो संबंध फार उशिरा कळला.

वयाच्या सदतिसाव्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याला एकाएकी धूसर दिसू लागले. डोळा हलवला की आत दुखायचे आणि लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. पाच-सहा आठवड्यांत बरे वाटले. रात्रपाळीचा ताण असेल म्हणून मी ते विसरूनही गेले. वर्षभराने घरात वेगळीच तक्रार सुरू झाली. आमटी खारट होते, चहात साखर जास्त पडते. मुले कुरकुर करू लागली आणि मी त्यांच्यावर चिडू लागले, कारण मला सगळे मिळमिळीत लागत होते. सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझा हात बिघडलाय गं." ते मला फार लागले.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या आठवड्यात मी करंज्या तळत होते. एक घाणा काढला आणि शेजारच्या खोलीत डब्यात भरत बसले. कढई गॅसवरच राहिली. थोड्या वेळाने यजमान अंगणातून ओरडत आत धावले. स्वयंपाकघरात काळा धूर कोंडला होता. त्यांना अंगणापर्यंत जळकट वास गेला होता आणि मी कढईपासून आठ पावलांवर बसले होते. धुरात शिरल्यावर माझे डोळे चुरचुरले, घसा खवखवला, पण वास म्हणून काहीच जाणवले नाही. त्या रात्री मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हिंगाची डबी, कॉफीची बाटली, धुण्याचा साबण असे एकेक नाकाशी धरून पाहिले. काहीच नाही.

सर्दी असेल म्हणून औषध घेतले. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सायनस म्हटले, नाकात मारायचे फवारे दिले. तीन महिने गेले. नाक स्वच्छ होते, श्वास मोकळा होता, वास मात्र आला नाही. "वयाने होतं," असे ते शेवटी म्हणाले. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. पुढे मान खाली वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका उतरल्यासारखे होऊ लागले, जिन्यावर डावा पाऊल बधिर वाटू लागला, तेव्हा कुठे मेंदूविकार तज्ज्ञांकडे जाणे झाले. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके दिसले. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले आणि निदान पक्के झाले.

त्या डॉक्टरांनी मला तपासले त्या दिवसाची एक गोष्ट अजून आठवते. डोक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. त्या एकेक करून तपासायच्या, अशी रीत आहे. त्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केली, म्हणजे दुसऱ्या जोडीपासून. मी म्हटले, "सर, पहिली राहिली." ते हसले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, की पहिली बहुतेक वेळा राहूनच जाते. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, हाताशी वास घ्यायला काही नसते, आणि रुग्णही त्याबद्दल बोलत नाही. ही सवय जगभरातल्या डॉक्टरांची आहे. दोन ते बारा ठीक, असे कागदावर लिहिलेले कितीतरी वेळा आढळते. पुढच्या खेपेला त्यांनी उपाहारगृहातून कॉफीची पुडी मागवून ठेवली होती. माझ्या पिशवीतल्या डब्यांची सुरुवात त्या पुडीपासून झाली.

आता ही पहिली जोडी काय करते ते सांगते.

नाकपुडीतून आत गेलेली हवा बरीच वर, जवळजवळ दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीपर्यंत पोहोचते. तिथे नाकाच्या छताला दोन्ही बाजूंना टपालाच्या तिकिटाएवढा ओलसर पडदा आहे. वास ओळखणाऱ्या पेशी त्यात असतात. माणसात वास पकडणाऱ्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत आणि साधारणपणे एका पेशीवर एकाच प्रकारचे ग्राहक असतात. लवंगेचा वास म्हणजे त्यांतल्या काही ठरावीक पेशी एकाच वेळी जाग्या होणे. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे ग्राहक शोधून काढले आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी जन्मभर झिजतात आणि नव्याने तयार होतात. मज्जापेशींच्या बाबतीत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

या पेशींचे धागे चाळणीसारख्या भोके असलेल्या पातळ हाडातून वर जातात आणि मेंदूखाली टेकलेल्या एका लहानशा गाठीत शिरतात. तिला घ्राणकंद म्हणतात. तिथून पुढे एक पट्टा मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांच्या तळाशी जातो. दृष्टी, आवाज आणि स्पर्श यांचा संदेश आधी मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातो. वासाला ते ठाणे लागत नाही. तो आठवणी आणि भावना यांच्या भागांशी थेट जोडलेला आहे. पावसाचा पहिला वास आला की माणूस क्षणात माहेरच्या अंगणात जाऊन उभा राहतो, ते यामुळेच. दृष्टी गेलेल्या इसहाकाने वस्त्रांच्या वासावरून मुलाला ओळखल्याची, आणि त्यातच फसल्याची, गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. नाकावर माणूस किती विसंबून असतो, ते त्या गोष्टीत आहे.

जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि एक मांसरसासारखी चव एवढेच कळते. फोडणी, कोथिंबीर, आले, आंबा, भाजलेले वांगे, ही सगळी ओळख खाताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वासाने होते. म्हणून वास गेलेला माणूस "वास येत नाही" असे क्वचितच म्हणतो. तो "जेवणाला चव नाही" म्हणतो. मग मीठ वाढते, साखर वाढते, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर तिथे वेगळेच नुकसान होते. माझी खारट आमटी तिथून आली होती.

आता एमएस म्हणजे काय. आपली प्रतिकारशक्ती जंतूंपासून आपले रक्षण करते. काही माणसांत ती शरीराच्याच एखाद्या भागाला परका समजू लागते. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच माणसाला चावावे, तसे. अशा आजारांना स्वयंप्रतिरक्षा आजार किंवा ऑटोइम्यून आजार म्हणतात. सांध्यांवर हल्ला झाला तर संधिवाताचा एक प्रकार होतो, थायरॉइडवर झाला तर त्या ग्रंथीचा आजार होतो. एमएसमध्ये हल्ला मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या आवरणावर होतो. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते तसे या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. ते सोलले गेले की संदेश मंदावतो, अडखळतो, किंवा पोहोचतच नाही. आवरण काही प्रमाणात पुन्हा भरून येते, म्हणून माझा डोळा सुधारला. काही ठिकाणी मात्र कायमचा व्रण राहतो. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे नीट वर्णन केले. तो बहुधा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीने किंवा त्याहून अधिक आढळतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात तो कमी आहे. मुंबईच्या पारशी समाजात मात्र इतर भारतीयांपेक्षा बराच जास्त आढळल्याची नोंद १९८०च्या दशकातच झाली होती. एमआरआय यंत्रे जिल्ह्याच्या गावी आल्यापासून पूर्वी निदानच न झालेले रुग्णही आता सापडू लागले आहेत. हा आजार सांसर्गिक नाही. एकत्र जेवल्याने, एकाच घरात राहिल्याने तो होत नाही. कोणाच्या करणीनेही होत नाही. हे मी शिबिरात दर वेळी सांगते.

नाकापासून घ्राणकंदापर्यंतच्या धाग्यांवर मायलिन नसतेच. मग मायलिनवर हल्ला करणाऱ्या आजारात वास कसा जातो, हे कोडे मलाही पडले होते. उत्तर पुढच्या टप्प्यात आहे. घ्राणकंदातून मेंदूकडे जाणारा पट्टा आणि त्यापुढचे मेंदूचे भाग यांना मायलिन आहे. डोळ्याची नस जशी खरे पाहता मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, तसाच हा पट्टाही. मृत्यूनंतर तपासलेल्या एमएस रुग्णांच्या मेंदूत या पट्ट्यावर आणि घ्राणकंदातही आवरण सोलल्याच्या खुणा आढळल्या आहेत.

हे वैद्यकालाही सहज पटले नव्हते. एमएसमध्ये वास शाबूत राहतो, असे बरीच वर्षे मानले जाई. वास मोजायला चांगले साधन नव्हते, हे त्याचे एक कारण. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड डोटी यांनी ४० वासांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पानावरची पट्टी पेन्सिलीच्या टोकाने खरवडायची, वास घ्यायचा आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. त्यानंतर चित्र बदलले. १९९७ मध्ये डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की वासाशी संबंधित भागांत, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी आणि बाजूच्या भागात, जितके जास्त ठिपके, तितके रुग्णाचे वासाचे गुण कमी. मेंदूत इतरत्र असलेल्या ठिपक्यांचा तसा संबंध दिसला नाही. १९९९ मध्ये त्यांनी काही थोड्या रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून आणखी एक गोष्ट मांडली. ठिपके वाढले की वास कमी होई, ठिपके ओसरले की वास परत सुधारे.

ते वाचले तेव्हा मी रडले, हे कबूल करते. माझी लवंग काही महिने यायची, काही महिने जायची. घरचे म्हणायचे, तुझ्या मनावर आहे.

वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे सारखे नाहीत, पण ढोबळमानाने एमएसच्या दर पाच रुग्णांत एक ते दोघांचा वास तपासणीत कमी भरतो. त्यांतल्या अनेकांना स्वतःला ते ठाऊक नसते. वास हळूहळू विझतो आणि माणूस त्याला सरावतो. अभ्यासकांना आणखी एक फरक आढळला आहे. अगदी फिकट वास जाणवणे ही एक गोष्ट, आणि जाणवलेला वास कशाचा हे ओळखणे ही दुसरी. आजाराच्या सुरुवातीला, दाह चालू असताना, पहिली ढिली पडते. आजार जुना झाला आणि मज्जापेशींची झीज वाढली की दुसरी.

याच जातीचे आणखी काही आजार आहेत. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये डेव्हिक यांनी वर्णन केलेला आजार डोळ्याची नस आणि पाठीचा कणा यांवर हल्ला करतो. तो एमएसचाच प्रकार समजला जाई. २००४ मध्ये त्याचे स्वतंत्र प्रतिपिंड सापडले आणि तो वेगळा आहे हे सिद्ध झाले. दोन्हींची औषधे वेगळी, एमएसची काही औषधे त्यात उलट बाधतात, म्हणून हा फरक जिवाचा आहे. त्या रुग्णांतही वास कमी झालेला आढळला आहे. संध्याकाळी पापण्या गळतात, चावताना जबडा दमतो, त्या मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारातही २०१२ मध्ये तसेच आढळले. याचे आश्चर्य वाटले, कारण तो आजार नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथला, मेंदूचा नव्हे, असे मानले जाते. ल्युपस या आजारात मेंदूवर परिणाम झालेल्यांचाही वास मंदावतो. इस्रायलमधील संशोधकांनी ल्युपसमध्ये आढळणारे एक प्रतिपिंड उंदरांच्या मेंदूत टोचले, तेव्हा उंदरांची हालचाल उदास माणसासारखी मंदावली आणि त्यांचा वासही कमी झाला. वास जाणे आणि मन खचणे शेजारी शेजारी राहतात, हे मी माझ्या अनुभवावरूनही सांगेन.

वाचकहो, इथे घाबरून जाऊ नका. वास जाण्याची बहुतेक कारणे साधी आणि नाकातली असतात. सर्दी, ॲलर्जी, नाकातले कोंब, सायनसची सूज. विषाणूच्या तापानंतर वास जातो, कोविडमध्ये तर २०२० साली घरोघरी हा अनुभव आला. डोक्याला मार लागून त्या चाळणीच्या हाडातले धागे तुटतात. वय वाढले की वास कमी होतो. तंबाखू आणि चुलीचा धूर यांनीही नाक बिघडते. पार्किन्सन हा वेगळ्या जातीचा आजार, पण त्यातही हातपाय थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास जाऊ शकतो. नुसता वास गेला म्हणून एमएस ठरत नाही. पण नाक मोकळे असूनही वास नाही, आणि त्याबरोबर एका डोळ्याला दुखून धूसर दिसणे, एकाचे दोन दिसणे, हातापायाला बधिरपणा, मान वाकवताना विजेसारखा झटका, चालताना तोल जाणे यांतले काही आज किंवा पूर्वी कधी झाले असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञांना भेटा आणि वासाचे त्यांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असे धरून चालू नका.

आता त्या डब्यांकडे येते. अमेरिकेतल्या त्या पुस्तिकेत पिझ्झा आहे, डिलच्या लोणच्याचा वास आहे, तिकडच्या एका थंड पेयाचा वास आहे. तोरणमाळच्या आजीला ते वास ओळखता आले नाहीत, तर त्यात तिच्या नाकाचा दोष नाही. ज्याच्यात्याच्या ओळखीचा वास हवा. म्हणून मोह. सातपुड्यात असा माणूस मला भेटलेला नाही ज्याला निरोगी नाकाने मोह ओळखता येत नाही.

तपासणी सोपी आहे. डोळे मिटायचे, एक नाकपुडी बोटाने हलकेच बंद करायची, दुसरीखाली डबी धरायची. काही येते का, आणि आले तर काय, एवढेच विचारायचे. मग दुसरी नाकपुडी. मिरची, कांदा, विक्स, कापूर, चुना-नवसागर यांचा वापर करू नका. ते नाकात झोंबतात, आणि ही झोंब पाचव्या जोडीचा मज्जातंतू मेंदूकडे नेतो. वास पूर्ण गेलेल्यालाही ती कळते. माझ्या स्वयंपाकघरातल्या धुरात डोळे चुरचुरले ते त्या पाचवीमुळे. पहिली मुकी होती. पुष्कळ घरांत "विक्सचा वास येतो ना, मग नाक ठीक आहे" असे म्हणतात. ते खरे नाही.

गेल्या हिवाळ्यात एका पाड्यावर एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून पंचविशीच्या आतबाहेर. पायाला मुंग्या येतात म्हणून आणली होती. सासू बोलतच होती आणि आशाताई मला मराठीत सांगत होती. पोरगी चांगली होती, आता कामात लक्ष नाही, दोन भाकऱ्यांतली एक करपवते, दूध उतू जाते, शिळी भाजी पोरांना वाढते. नवऱ्याने यावरून हातही उगारला होता. सून खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारले, डोळ्यांना मागे कधी काही झाले होते का? दोन वर्षांपूर्वी डावा डोळा महिनाभर "धुक्यात" होता, म्हणाली. गावातल्या भगताने झाडले आणि उतरला. मी डब्या काढल्या. लवंग नाही. कॉफी तिच्या फारशी ओळखीची नव्हती, ती मी धरली नाही. संत्रे नाही. मोहाची डबी दोन्ही नाकपुड्यांखाली बराच वेळ धरली. तिने डोळे उघडून डबीत पाहिले आणि एकदम म्हणाली, "महू आहे!" पाहून ओळखले होते. वास आला नव्हता. आणि तेव्हा तिच्या सासूने ती डबी माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या नाकाला लावली आणि सुनेकडे पाहत राहिली.

आम्ही चिठ्ठी देऊन तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. पुढचे निदान डॉक्टरांचे काम. हे लिहीत असताना तिच्या तपासण्या चालू आहेत. आजवर मी या डब्या पुष्कळांच्या नाकाखाली धरल्या. ज्यांना वास आला नाही त्यांतले बहुतेक सर्दीचे, नाकातल्या कोंबांचे किंवा तंबाखूचे निघाले.

एमएस मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. झटका आला की शिरेतून स्टेरॉइड देतात, आणि झटके कमी व्हावेत म्हणून नियमित घ्यायची औषधे आहेत. ती जितकी लवकर सुरू होतील तितके बरे. दाहामुळे गेलेला वास झटका ओसरल्यावर काही अंशी परतू शकतो. वासाचा सराव म्हणून एक पद्धत जर्मनीत २००९ मध्ये मांडली गेली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ काही सेकंद लक्षपूर्वक घ्यायचे, निदान तीन महिने. विषाणूमुळे गेलेल्या वासाला तिचा उपयोग झालेला आहे. एमएसमध्ये तशी खात्री देता येत नाही, पण खर्च नाही, अपाय नाही, म्हणून मी करते. सकाळची प्रार्थना झाली की चार बाटल्या. नात त्याला "आजीचं नाकाचं पीटी" म्हणते.

उपचार होवोत न होवोत, वास नसलेल्या माणसाला घरात जपावे लागते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळतात. ज्याला वास नाही त्याच्यासाठी ही सोय फुकट जाते. आमच्याकडे रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम यजमानांचे आहे आणि गॅसच्या शेगडीजवळ गळती ओळखून वाजणारे एक यंत्र बसवले आहे. शेगडीवर काही ठेवले की मोबाइलवर गजर लावते आणि तिथून हलत नाही. शिजवलेल्या अन्नाच्या डब्यावर वार लिहिते. दूध नासले की नाही ते सुनेला विचारते. आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. पाड्यांवर गॅसपेक्षा दुसरी भीती मोठी आहे. फवारणीचे औषध पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून घरात ठेवतात. धडधाकट माणूस झाकण उघडताच वासाने थांबतो. त्या सुनेसारखी बाई थांबणार नाही. म्हणून तिच्या घरी गेलो त्या दिवशी आम्ही पहिली ती बाटली घराबाहेर काढायला लावली.

अंगाच्या वासाचीही एक अडचण असते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. स्वतःला घामाचा वास येतो की नाही हे कळत नसल्याने मी काही वर्षे उपासनेला मागच्या बाकावर, कडेला बसत असे. शेवटी एका मैत्रिणीला सांगितले. आता ती मला दर रविवारी दारातच हुंगते आणि मान हलवते, आणि आम्ही दोघी पुढे जाऊन बसतो.

एप्रिलमध्ये आशाताईचा फोन आला होता. मोहाची फुले वेचणे चालू होते. ती सून पहाटे टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी झाडाखाली असते, म्हणाली. वेचायला डोळे लागतात, नाक नाही. फुले वाळवून भरताना मात्र प्रत्येक ओंजळ आधी सासूच्या नाकाखाली जाते, कुबट निघाली तर बाजूला. भाकऱ्याही सासूच उलटते आहे. फोन ठेवण्याआधी आशाताईने विचारले, पुढच्या शिबिराला येताना तिच्यासाठी डब्यांचा एक जोड आणाल का? मोह नको, म्हणाली, तो इथे आहे.